दांडकं घेणार नाही

हॉर्न वाजवू नका दादा. काही उपयोग नाही. लाल झेंडी माझ्या हातात आहे आणि ती इतक्यात खाली यायची नाही. तुमच्या मागे रांग पार पंपाच्या फाट्यापलीकडे गेलीय, मला दिसतंय. मघाशी एका मोटारवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यालाही मी हेच सांगितलं. इंजीन बंद करा, डिझेल काय फुकट येतं? पोलिसांना बोलवायचं तर खुशाल बोलवा. त्यांनाही याच रांगेतून यावं लागेल.

का थांबवलंय म्हणता? सांगते. सकाळपासूनचे पुढचे सगळे कंटाळून वळून गेले, आता तुमचा ट्रक रांगेत पहिला, तेव्हा ऐकायचा मान तुमचा. फक्त काच अर्धीच खाली घ्या आणि तो कोपर आत घ्या. हात बाहेर लोंबकळत ठेवू नका. ते का, तेही सांगते.

या राज्य महामार्गावरून तुम्ही शंभरदा गेला असाल. नदीवरचा पूल सोडला की पहिला गिरणीचा फाटा, मग टाकीचा, मग हा आपला पंपाचा, आणि खिंड ओलांडली की शाळेचा. फाट्याला नाव गावाचं पडत नाही, तिथे जे उभं असतं त्याचं पडतं. गिरणी कधीच बंद झाली, तिचे पत्रेसुद्धा कुणी उचलून नेले, तरी फाटा गिरणीचाच. पण पंपाचा आणि शाळेचा यांच्यामध्ये, ऐन खिंडीत, आणखी एक फाटा आहे. त्याला नुसतं जुना फाटा म्हणतात. कारण तिथे काहीच उभं नाही. मातीचा एक प्रचंड ढीग आहे, त्यावर झुडपं माजलीत, आणि आपल्या रस्त्यापासून फुटून एक जुना डांबरी तुकडा थेट त्या ढिगाखाली शिरतो. पलीकडे कुठेच निघत नाही.

आता रुंदीकरणाचं काम निघालंय. खिंडीतली एक बाजू उकरलेली, दुसऱ्या बाजूने जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. या टोकाला मी, शाळेच्या टोकाला मामा. माझे सख्खे नव्हेत, ते सगळ्यांचेच मामा. पूर्वी बस चालवायचे. आता झेंडी चालवतात आणि तोंडाचा पट्टा चालवतात. मधे डोंगर, त्यामुळे त्यांना मी दिसत नाही, मला ते दिसत नाहीत. फोनला रेंज नाही. सुरुवातीला वॉकीटॉकी दिले होते, त्यातून बोलणं कमी आणि खरखर जास्त. म्हणून आम्ही दांडकं वापरतो.

साधं लाकडी दांडकं, हातभर लांब, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. मामा त्यांच्याकडच्या गाड्या सोडतात आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात ते देतात. तो खिंड पार करून इथे आला की मला देतो. दांडकं माझ्या हातात आलं, म्हणजे आत कुणी राहिलेलं नाही. मग मी माझ्या गाड्या सोडते आणि शेवटच्याकडे तेच दांडकं देते. आत कुणी कुणाला मागे टाकायचं नाही, एवढाच नियम. तो मोडला की सगळंच मोडलं.

आमचा मुकादम तसा बोलण्यात अगदीच अघळपघळ, पण पहिल्या दिवशी त्याने एक गोष्ट नीट सांगितली. म्हणाला, "बाई, दांडकं घेणं म्हणजे जबान देणं. ते हातात घेतलंस की आत कुणी नाही, असं तू म्हणालीस. मग मागाहून रडायचं नाही."

जुन्या फाट्याची गोष्ट मला मामांनी सांगितली. काम नुकतंच लागलं होतं, टपरीवर चहा पीत होतो. म्हणाले, "हे जे आपण करतोय ना, हेच इथे पूर्वीही झालंय. तेव्हाही एकेरी वाहतूक, तेव्हाही दांडकं. दांडकं होतं एका पांढऱ्या मोटारवाल्याकडे. माणूस घाईचा. खिंडीत जरा जागा मिळाली तशी त्याने पुढच्या तीन गाड्या मागे टाकल्या आणि सुसाट बाहेर आला. दांडकं दिलं. झेंडीवाल्याने विचारलं, मागे कुणी? तर म्हणाला, कुणी नाही, शेवटचा मीच. आणि तेवढ्यात मागे डोंगर खाली आला."

"मग? त्या तीन गाड्या?"

"कुठल्या गाड्या? दांडकं आलं होतं ना. दांडकं आलं म्हणजे आत कुणी नाही. मग एवढा ढीग उपसायचा कशाला? बाजूने नवीन रस्ता काढला, झालं."

"घरची माणसं आली असतील की शोधत."

"आली. त्यांना सांगितलं, आमच्याकडून सगळे सुखरूप बाहेर पडले, पुढे कुठे गेले ते तुम्हीच बघा. त्यातल्या एकाबद्दल तर लोक म्हणायचे, बायकोला टाकून पळाला." मामांनी उरलेला चहा जमिनीवर ओतला. "त्या मोटारवाल्याला मात्र ते सोसलं नाही. त्याच मोटारीत फावडं टाकून एकटाच परत गेला म्हणतात. तोही आला नाही."

मी हसले होते. खरं सांगते, मी हसले. आमचे आईवडील एकामागोमाग गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. तिचं दप्तर, तिचा डबा, तिच्या वेण्या, घरभाडं, सगळं माझ्या गळ्यात. भुतांना भ्यायचं तर त्याला वेळ लागतो दादा, तो मला कधी मिळालाच नाही.

तर धाकटी. माझी बहीण. आता मोठी झालीय, शाळेच्या फाट्यापुढे दवाखाना आहे तिथे रक्त तपासते. रोज दुपारी स्कूटरवरून या खिंडीतून घरी येते आणि मी दिसले की दोनदा हॉर्न वाजवते, पीं पीं. मी मान वळवत नाही. कामावर असताना लाड नाहीत. पण तो आवाज आला की माझा दिवस संपतो, मग पुढे कितीही गाड्या असोत.

परवाची गोष्ट. परवा सकाळी ती माझ्या नव्या चपला घालून गेली. न विचारता! मी त्या फक्त एकदा घरात घालून बघितल्या होत्या, पिशवीत परत ठेवल्या होत्या. दिवसभर मी झेंडी हलवत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते, बाईसाहेब आल्या की काय काय सुनवायचं.

दुपारी ढग खिंडीत उतरले. आज उतरलेत ना, अगदी असेच. भर दुपारी दिवे लावायची वेळ. डांबराचा धूर त्या ढगात अडकून राहिला होता, घशाशी कडवट चव येत होती. मी लाल धरून उभी, माझ्या बाजूला पहिली एक प्रवासी बस, तिच्यामागे मोठी रांग. पलीकडून मामांनी सोडलेल्या गाड्या यायला लागल्या. दुधाचा टँकर आला. मग एक विटांचा ट्रक. तो ट्रकवाला ओळखीचा, गाडी जरा सावकाश करून म्हणाला, "धाकटी माझ्या मागेच आहे. आज शेवटची तीच. मामांनी दांडकं तिच्याकडेच दिलंय. मिरवत येतेय बघ."

मी म्हटलं येऊ दे, चपलांचा हिशेब व्हायचाय.

ट्रक गेला. मी वाट बघत राहिले. ट्रकच्या मागे म्हणजे लगेच यायला हवी होती. ढगातून दिवा दिसायला हवा होता... दिसला नाही. बसमधली माणसं खाली उतरून पाय मोकळे करायला लागली. कुणीतरी विडी पेटवली. मग तो वास आला. डांबराचा नव्हे. ओल्या मातीचा. खोल विहीर खणताना येतो तसा, थंड.

आणि ढगातून एक मोटार बाहेर आली. पांढरी. जुन्या घाटणीची, टपावर, बॉनेटवर माती. इंजिनाचा आवाज नाही. पाऊस नव्हता, तरी काचेवरचे वायपर हलत होते. कोरड्या काचेवर घासत, सावकाश... घर्र... घर्र. मोटार माझ्यापाशी येऊन थांबली. खिडकीतून हात बाहेर आला.

"घ्या ताई."

हातात दांडकं होतं. आमच्यासारखंच, लाल-पांढरं. आणि दादा, हाताला सवय असते हो. दिवसभर तेच करते मी. माझा हात पुढे गेलासुद्धा. बोटं लागायचीच बाकी होती, तेवढ्यात माझी नजर त्याच्या नखांवर गेली. सगळ्या नखांत माती भरलेली. दोन नखं तर नव्हतीच.

मी हात मागे घेतला. "हे तुमच्याकडे कसं? दांडकं स्कूटरवालीकडे आहे."

"मागे कुणी नाही..."

"स्कूटर होती. माझी बहीण."

"मागे कुणी नाही, ताई... शेवटचा मीच."

  मामांचं बोलणं एका क्षणात सगळं आठवलं. तीन गाड्या, ढीग, दांडकं आलं म्हणजे आत कुणी नाही. मी हे लाकूड हातात घेतलं, की धाकटी आत नाही असं मी म्हणाले. माझ्याच तोंडाने. मग ती कुठे शोधायची मी?

मागे बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला. "ओ बाई, आलं की दांडकं! घ्या आणि सोडा आम्हाला."

"नाही घेणार."

आरडाओरडा ऐकून मुकादम मोटरसायकलवर आला. आला तोच तोंड सोडून. "काय घोळ घातलायस? रांग बघ मागे! माणूस गाडी थांबवून देतोय, तर घेत का नाहीस?"

"माझी बहीण आत आहे."

"अगं, दांडकं आलं म्हणजे आत कुणी..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्यालाही ती नखं दिसली असावीत. तो दोन पावलं मागे सरकला. 

तुम्ही म्हणाल, मी धावत आत का गेले नाही? मनात शंभरदा आलं. पण मी जागा सोडली असती तर ते दांडकं दुसऱ्या कुणीतरी घेतलं असतं. मुकादमाने भीतीने घेतलं असतं, नाहीतर बसवाल्याने घाईने. घेणारा हात कुणाचाही चालला असता. म्हणून मी मोटारीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, झेंडी आडवी धरून.

"घ्या ना ताई," तो म्हणाला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा नव्हता, तरुणाचाही नव्हता. "हात भरून आलाय... कुणी घेतच नाही. एकदा कुणी घेतलं की मी सुटलो..."

त्याचा चेहरा मी बघितला. भयंकर वगैरे काही नव्हता. दमलेला होता. एवढा दमलेला माणूस मी जन्मात बघितला नाही. मला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी असा संताप आला की भीती कुठल्या कुठे गेली. एकदा तीन गाड्यांवर पाय देऊन हा बाहेर पडला होता. आता परत तेच, आणि या वेळी माझ्या धाकटीवर!

"सुटशील," मी म्हटलं. "पण तिला आत टाकून नाही. गाडी मागे घे. तिला पुढे घाल आणि तू तिच्या मागून ये. शेवटचा मीच म्हणतोस ना? मग शेवटचा हो."

वायपर थांबले. किती वेळ ते माहीत नाही. मागे एकही हॉर्न वाजत नव्हता.  मग हात आत गेला. मोटार उलटी मागे जायला लागली. चाकांखाली खडी कुरकुरल्याचा तेवढा आवाज. ढगाने ती गिळली.

मी तशीच उभी. झेंडी वर होती. खिंडीतून बारीक दगड घरंगळल्यासारखं काहीतरी ऐकू आलं... मग तेही थांबलं. आता कुणी मला हलवलं असतं तरी मी हलले नसते.

पीं पीं.

दिवा दिसला, मग स्कूटर, मग ती. दांडकं पुढे पायांपाशी उभं केलेलं. मला बघून म्हणते कशी, "काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

मी तिला एक फटका मारला. मग जवळ घेतलं. बसमधली माणसं बघत होती, बघू देत. कामावर लाड नाहीत हा नियम माझाच होता, मीच मोडला.

ती सांगायला लागली. "आज आत काय गर्दी होती ताई. ट्रक पुढे गेला आणि जुन्या फाट्यापाशी तीन खटारे माझ्यासमोर रांगेत उभे. कुठून आले कळलंच नाही. काचा मातीने लिंपलेल्या. मी हॉर्न वाजवला, कुणी हलेना. मग एक पांढरी मोटार उलटी आली. आतला माणूस म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, तुमच्या ताई अडून बसल्यात. मी म्हटलं, आणि या गाड्या? तर म्हणाला..."  तिचं हसू गेलं. "म्हणाला, यांच्यासाठी कुणी अडलं नाही."

घरी आलो. तिने दारात चपला काढल्या आणि मी सुनवायला म्हणून त्या उचलल्या. टाचा नव्हत्या दादा. तळ झिजून आरपार भोक पडलेलं, पट्ट्यांना चिरा. डोंगरच्या डोंगर पायी तुडवावेत, वर्षानुवर्षं, तशा. सकाळी नव्या कोऱ्या होत्या. मी म्हटलं, किती चाललीस? ती म्हणाली, "चालले? मी स्कूटरवरून पाय खाली टेकलाच नाही."

मी त्या चपला परत पिशवीत ठेवल्या.

काल इंजिनिअर साहेबांकडे गेले. ढीग उपसा म्हटलं. साहेब सभ्य माणूस, खुर्ची दिली, म्हणाले, "बाई, ते आपल्या कामात बसत नाही." मी म्हटलं, "मग रस्ता सोडणं माझ्या कामात बसत नाही." त्यांना ती थट्टा वाटली. आज सकाळी मी इथे लाल धरली. पलीकडे मामांनी धरली. धाकटी त्यांच्याबरोबर उभी आहे, माझ्या जुन्या चपला घालून. आता तिला कुणी नव्या दिल्या तरी ती घालत नाही. दोन्हीकडे रांगा लागल्या, वरून फोनावर फोन आले, मला नोकरीवरून काढल्याचं दोनदा सांगून झालं. मी म्हटलं काढा, पण झेंडी कोण घेतंय ते आधी ठरवा. मुकादम पुढे आला नाही. उलट त्यानेच जाऊन जेसीबी आणला. परवाची नखं त्यानेही बघितलीत ना.

तो जेसीबीचाच आवाज. दुपारपासून ढीग उपसतोय. ती घरघर ऐकू येतेय तोवर मला बरं वाटतं. त्या माणसांच्या घरी कुणी अजून असेल की नाही, देव जाणे. कुठेतरी एखादी म्हातारी असेल, नवरा टाकून पळाला म्हणून आयुष्यभर खाली मान घालून जगलेली. तिला कुणीतरी सांगायला नको? पळाला नव्हता म्हणून?

थांबा.

जेसीबी थांबला... ऐका. बंद झाला.

वास येतोय? ओल्या मातीचा. दादा, कोपर आत घ्या. म्हटलं ना, आत घ्या! आणि काच वर करा, थोडी फट ठेवा फक्त. तो आज माझ्याकडे येत नाहीये, तुमच्या खिडकीकडे येतोय. त्याला कळलंय मी घेत नाही ते. तुम्ही त्याच्या हाताकडे बघू नका. दमलेला दिसतो, हो, मलाही दिसतंय. वाईट वाटतं. वाटू द्या. पण हात पुढे करू नका.

"काय रे, आलास? या ट्रकवाल्या दादांना त्रास देऊ नकोस. ते घेणार नाहीत. मी घेणार नाही. या रांगेतलं कुणी घेणार नाही. आज तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी अडून बसलेय मी. आधी ते तिघं. मग तू. तू मागून आलास ना, की मी स्वतः घेईन तुझ्या हातातून. माझी जबान आहे."

वायपर थांबले बघा. हात आत घेतला त्याने.

ऐकलंत...? नाही दादा, तुमचा हात हॉर्नवर नाहीच. मागच्या कुणाचाही नव्हता हा. हा तर जुना, भोपूसारखा. खिंडीतून आला, ढिगाच्या बाजूने. आणि हा... हा दुसरा.

ट्रक जरा कडेला घ्या दादा. त्यांना बाहेर पडायला जागा लागेल. झेंडी मात्र मी खाली करत नाही. तिसरा अजून वाजायचाय.